आठ तास झोप

बांधकामाच्या फाटकात रोज सकाळी एक चिठ्ठी भरावी लागे. काल किती तास झोपलात, घरी काही ताण आहे का, अंगात ताप आहे का. हे सगळं सुरक्षेच्या बाईंनी मोठ्या हौसेने सुरू केलं होतं. यंत्राआधी माणूस तपासावा असं त्या मनापासून मानत, आणि माणसं तितक्याच मनापासून 'आठ' लिहीत. सात लिहिलं तर बाई चौकशी करत, नऊ लिहिलं तर बाकीचे हसत. आठाला कुणाची ना नव्हती. काही बहाद्दर तर आठवड्याभराच्या झोपेची चिठ्ठी सोमवारीच भरून मोकळे होत.

क्रेन चालवणाऱ्याला सगळे दाजी म्हणत, कारण त्याच्या बायकोचा धाकटा भाऊही तिथेच कामाला होता आणि तो दाजी म्हणे. या मेहुण्याने क्रेनचा परवाना काढून वर्ष झालं होतं, पण दाजीकडून वरची खुर्ची काही सुटत नव्हती. बदली चालक म्हणून नाव लागलेलं, आणि काम खाली सामान मोजण्याचं. "माझ्या भावाला एकदा तरी वर बसू द्या," असं बायकोने टुमणं लावलं, की दाजी म्हणे, "क्रेन आहे ती, झोपाळा नव्हे."

त्या दिवशी मात्र दाजीने चिठ्ठीवर 'दोन' लिहिलं. सासूबाई दवाखान्यात अत्यवस्थ होत्या, आणि आदली रात्र त्याने आणि मेहुण्याने त्यांच्या खाटेपाशी काढली होती. पहाटे दाजीला बाकावर दोन तास डुलकी तरी लागली, मेहुण्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दाजीचे डोळे चुरचुरत होते, हात जड झाले होते, आणि अशा हातांनी लोखंड उचलायची त्याला खरोखर भीती वाटली.

बाईंना काय करू नि काय नको झालं. त्यांनी सगळ्यांना गोळा करून टाळ्या वाजवायला लावल्या. "वर्षभरात एका माणसाने तरी खरं लिहिलं! दाजी, तुम्ही विश्रांतीच्या खोलीत जाऊन झोपा. आज तुमचा मेहुणा बसेल. त्याची झोप झालीय, आठ तास."

मेहुण्याने दाजीकडे पाहिलं. डोळे लाल, पण चेहरा असा फुललेला, की बोलायचं नाही अशी विनवणी त्यातच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण दाजीने मूग गिळले. बायको काय म्हणेल हे एक झालं. दुसरं जरा हलकट होतं. बसू दे एकदा, कळू दे बेट्याला क्रेन म्हणजे काय ते, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरंही वाटलं.

तो झोपलाही. गाढ.

अकराच्या सुमाराला आरडाओरड्याने त्याला जाग आली. वर खुर्चीत मेहुण्याची मान क्षणभर कलली होती, आणि सळयांचा भारा भरकटून हूक बांधणाऱ्या लांबूवर आला होता. लांबूला दोन लेकी होत्या. दाजी पोचला तेव्हा त्याच्यावर ताडपत्री घातलेली होती.

दुपारी बाईंनी दाजीला ऑफिसात बोलावलं. समोर दोन चिठ्ठ्या होत्या.

"एकच विचारते. तुमचा मेहुणा रात्री झोपला होता का?"

नाही म्हणावं, तर सकाळी तोंड का शिवलं होतं, हा प्रश्न ठरलेला.

"झोपला होता, मॅडम. दवाखान्यात मीच थांबलो. त्याला घरी पाठवलं होतं."

खोटी चिठ्ठी लिहिली हा ठपका तरी मेहुण्यावर येऊ नये, असं त्याने स्वतःला समजावलं. बाईंनी सुस्कारा सोडला.

"म्हणजे आपल्या तपासणीत खोट नव्हती. माणूस ताजातवाना होता. मग हा निव्वळ निष्काळजीपणा. आणि वर मला म्हणतो, रात्रभर जागा होतो, हवं तर दाजींना विचारा."

बाईंनी जबाबाचा कागद पुढे केला. अजूनही शब्द फिरवता आला असता. लांबूची ताडपत्री त्याच्या डोळ्यांपुढे आली, बायको आली, आणि उद्या सगळे आपल्याकडे कसे बघतील तेही आलं. त्याने सही केली.

बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. मेहुण्याला आत बसवत होते. दाजीला बघताच त्याने मान बाहेर काढली.

"दाजी, विचारलं का त्यांनी तुम्हाला? सांगितलंत ना?"

"सांगितलं," दाजी म्हणाला.

"मग झालं!" मेहुण्याच्या जिवात जीव आला. "ताईला म्हणावं, काळजी करू नकोस. आज तुम्ही घरी जाऊन झोपा. आईपाशी मी बसतो."