भिंतीवर टांगलेली पृथ्वी

वलंदेजांचा नकाशा भिंतीवर चढला आणि दक्षिण खाली गेली. त्या क्षणी खोलीत दोन मेजं, पाच शाईच्या वाट्या, एक शेगडी, जुने अकरा नकाशे आणि तीन माणसं होती. मेजं, वाट्या, शेगडी आणि अकराही नकाशे दक्षिणेच्या उघड्या दारातून बाहेर पडले. त्यांच्यामागून मातायेमोन पडले. उरली दोन माणसं आणि तो नवा नकाशा.

मातायेमोन नागासाकीत नकाशे रंगवत. ओशिनो त्यांची मुलगी; बारीक अक्षरं तीच काढायची. त्यांच्या घरात नकाशा चटईवर पसरायची रीत होती. बघणारे भोवती गुडघ्यांवर बसत, म्हणून नावं चारी बाजूंना तोंड करून लिहिलेली असत. मधोमध जंबुद्वीप, त्याच्या मध्यावर सरोवर, सरोवरातून निघालेल्या चार नद्या. कुठेही बसा, पृथ्वी आपल्यासमोरच. पण अलीकडे ते सरोवर बघून गिऱ्हाईक हसू लागलं होतं. अखेर दुभाषा शिगेजिरो याने बंदरातल्या डच वखारीतून वलंदेजांचा नकाशा नकलेसाठी आणून दिला. त्यातली सगळी अक्षरं एकाच दिशेला उभी होती.

"हा भिंतीवर लावतात," शिगेजिरो म्हणाला होता.

"भिंतीवर? मग दक्षिणेने काय पडून जायचं?" मातायेमोन हसले होते, आणि तयार झालेली नक्कल त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्वेच्या भिंतीवर अडकवली होती.

आता दक्षिणेच्या कागदी दारांची चौकट ओशिनोच्या पायाखाली होती. कागद भार घेणार नाही म्हणून ती नेमकी लाकडावर पाय ठेवून उभी होती. चटया शेजारी भिंतीसारख्या उभ्या होत्या. शिगेजिरोने खांबाला मिठी मारली होती. तिने उघड्या दारातून खाली पाहिलं. बाग कड्यासारखी उभी होती. कड्यातून डाळिंबाचं झाड आडवं निघालं होतं आणि त्याच्या खोडावर बाबा घोड्यावर बसावं तसे बसले होते. त्यांच्या खाली जमीन नव्हती, समुद्र नव्हता. नुसती दक्षिण होती.

"बाबा, लागलं का?"

"लागलं नाही. नकाशे गेले. शिगेजिरो आहे का तिथे?"

"आहे, गुरुजी."

"वलंदेज कसे रे पडत नाहीत?"

शिगेजिरोने विचार केला. "ते बूट घालतात," तो म्हणाला.

खोड करकरलं. बाबांच्या भाराने ते खाली आणि थोडं पश्चिमेला वाकत चाललं होतं.

"नकाशा उलटा टांगला तर उत्तर खाली येईल," ओशिनो म्हणाली. "बाबा सरळ या दारातून आत पडतील."

"अक्षरं उलटी दिसतील. वखारीत मी काय तोंड दाखवू?"

"डोक्यावर उभे राहा आणि वाचा."

भिंतीच्या आडव्या पट्ट्या धरत ती खिळ्यापर्यंत पोचली. तिने नकाशा काढला. त्याबरोबर कशालाच वजन उरलं नाही. तिचे पाय लाकडावरून सुटले. आणि इथे तिच्या हातांनी तेच केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते. त्यांनी नकाशा चटईवर पसरला, चारी कोपरे तळव्याने दाबले आणि पृथ्वी जागेवर बसायची वाट पाहिली.

काही झालं नाही. अक्षरं एकाच बाजूला उभी असलेला नकाशा जमिनीवर कुणाचाच नसतो.

"ओशिनो," बाबांनी हाक मारली. आवाज पहिल्या जागेवरून आला नाही.

भार जाताच वाकलेलं खोड सरळ झालं होतं आणि त्याने बाबांना ईशान्येकडे ढकललं होतं. दारासमोरून ते केव्हाच निघून गेले होते. आता ते घराच्या पूर्व कोपऱ्याबाहेरून, हवेतून, घाई नसल्यासारखे चालले होते. त्यांच्या हातात पानं तुटलेली डाळिंबाची एक फांदी होती.

नकाशाला दोऱ्या दोनच होत्या, एक उत्तरेच्या दांडीला, एक दक्षिणेच्या. उत्तरेच्या दोरीने टांगला, तर बाबा झाडाला चुकवून दक्षिणेत जाणार होते. दक्षिणेच्या दोरीने टांगला, तर घराला चुकवून उत्तरेत.

शिगेजिरोने नकाशा उलटा करून खिळ्याजवळ धरला. "अडकवू का?"

"थांब," बाहेरून बाबा म्हणाले. "आधी मोज, पोरी. कोपऱ्यापासून मी किती लांब आहे?"

ती सरपटत बाहेर गेली, कोपऱ्याचा खांब धरला आणि मोकळा हात लांब करून कमरेला खोचलेली मोजपट्टी डोळ्यांसमोर धरली. बाबांची उंची साडेतीन हात. पट्टीवर ते वीतभर दिसत होते.

"नऊ हात."

"नीट बघितलंस ना?"

"नीट बघितलं, बाबा."

"बरं."

आतून शिगेजिरोने पुन्हा विचारलं, अडकवू का. ओशिनोने पट्टी पुन्हा डोळ्यांसमोर धरली.

साडेदहा हात.