बाह्यांची फळी

थोरल्या जाऊबाईंनी त्या समुद्रकाठच्या हवेलीत अकरा वर्षं कपड्यांना इस्त्री केली होती. मालक-मालकीण गेल्यावर वारसांनी हवेली नगरपालिकेला देऊन टाकली आणि तिथे सगळ्यांसाठी संग्रहालय आणि बाग झाली. पहिल्याच रविवारी थोरली धाकट्या जावेला घेऊन निघाली. दोघींची साठी उलटलेली. पण बसमधून उतरल्यापासूनच त्यांना हसू फुटत होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवाणखान्यात काचेच्या कपाटात कापड चढवलेली एक लांबट लाकडी फळी होती. खाली चिठ्ठी: ‘वाद्य ठेवण्याची बैठक असावी.’

“कसलं डोंबलाचं वाद्य!” थोरली मोठ्यानं म्हणाली. “अगं, ही बाह्यांची फळी! साहेबांच्या शर्टाच्या बाह्या मी हिच्यावर चढवून इस्त्री करायचे. तो करपलेला डाग दिसतो ना? माझाच.”

“आणि ती बाही?”

“जळाली. साहेब भर उन्हाळ्यात दिवसभर कोट घालून बसले, पण कुणाला बोलले नाहीत!”

धाकटी हसता हसता कपाटावर रेलली. कपाट खडखडलं. माहिती सांगणारी मुलगी धावत आली. आता बोलणी बसणार, असं दोघींना वाटलं. पण तिनं वही उघडली.

“मावशी, आणखी काय काय चुकलंय?”

झालं! थोरलीच्या अंगात वारं शिरलं. ‘राजघराण्याची भेट’ म्हणून मिरवणारं पातेलं कपड्यांची खळ कालवायचं निघालं. बघता बघता मागे वीस-पंचवीस माणसं जमली, टाळ्याही पडल्या.

बाहेर आल्या तेव्हा दोघी हवेतच होत्या. समोर हिरवळीचा उतार थेट वाळूपर्यंत गेलेला. थोरलीनं चपला काढल्या आणि गवतावर सरळ आडवी झाली.

“अहो ताई, हाडं मोजत बसाल!”

“मोजायला डॉक्टर आहे की!” म्हणत ती गडगडत सुटलीसुद्धा.

धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं. गवत, आभाळ, समुद्र, पुन्हा गवत! खाली ती थोरलीवर जाऊन आदळली. केसांत काड्या, हसून हसून डोळ्यांत पाणी.

“मावशी, लागलं का?” वरून ती मुलगी ओरडली.

“नाही गं,” धाकटी कशीबशी म्हणाली, “पण उठवायला कुणीतरी या!”

मुलीनं बाजूच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग उताराकडे. गळ्यातला बिल्ला खिशात कोंबला आणि गवतावर आडवी झाली.