दमलेलं इंजिन

"अहो, तीनदा हाक मारली. चहाचं पार पाणी झालं."

बायको गॅलरीच्या दारात आली आहे हे उस्तादांना तिची सावली टेबलावर पडली तेव्हा कळलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "कानशीचा आवाज केवढा होतो बघ ना," ते म्हणाले.

"कानस केव्हाची बंद होती. नुसते टक लावून बसला होतात."

उस्ताद हसले. हल्ली उत्तर सुचलं नाही की ते हसत, आणि ऐकू आलं नाही तरी हसत. नाहीतर 'हो हो' म्हणत. दहातल्या आठ वेळा तेवढ्यावर भागून जाई, आणि उरलेल्या दोन वेळा लोक समजत की उस्ताद आता जरा तऱ्हेवाईक झालेत.

टेबलावर त्यांची ट्रक पालथी पडली होती. हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, पण खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. तिला खरं इंजिन होतं, ते खरं इंधन पीत होतं आणि खरा धूर सोडत होतं. त्या इंधनात एरंडेल असे, त्यामुळे या घरात स्वयंपाकापेक्षा एरंडेलाचाच वास जास्त, ही बायकोची जुनी तक्रार. दर रविवारी गावाबाहेरच्या मैदानात चारपाच मोठी माणसं आपापल्या गाड्या घेऊन जमत आणि धुळीत लोळल्यासारखी घरी परतत. उस्ताद त्यांच्यातले सगळ्यात जुने.

यंदा मात्र ट्रकचं इंजिन दमलं होतं. पूर्वी ते जीव खाऊन ओरडायचं, आता घशातल्या घशात गुरगुरत होतं. इंधनाची सुई आवळली की इंधन कमी होऊन आवाज चढतो, पण आता कितीही आवळा, तो काही वर चढत नव्हता, आणि मध्येच बंद पडून भर मैदानात शोभा करत होतं. शेवटी उस्तादांनी मोठं इंजिन आणलं. पण लहान घरात आणलेल्या मोठ्या कपाटासारखी त्याची गत झाली. बुडाची भोकं जुळेनात, त्याचं चाक खालच्या पत्र्याला घासायला लागलं, आणि डोकं इतकं वर आलं की ट्रकचं टप कापावं लागलं. तीन संध्याकाळी त्यांनी कानस चालवली. आज दोन दातेरी चाकांमध्ये कागदाची पट्टी सरकवून त्यांनी इंजिन पक्कं आवळलं आणि पट्टी ओढून काढली. कागदावर दात सारखे उमटले होते, कुठे फाटला नव्हता. हात आणि डोळे अजून चोख होते.

"जुन्याला काय धाड भरली होती?" बायकोने विचारलं.

"दम संपला त्याचा. मैदानातल्या आमच्या टेलरला देऊन टाकलं, सुट्या भागांसाठी."

"मला तर होतं तसंच कर्कश वाटायचं. कानठळ्या बसायच्या."

"तुला त्यातलं काय कळतंय," उस्ताद म्हणाले, आणि गार चहा एका घोटात संपवला.

ते असं म्हणू शकत होते, कारण आवाज हीच त्यांची भाकरी होती. ते लिफ्टचे मेकॅनिक. बाकीचे लोक झाकणं उघडत, मीटर लावत, आणि उस्ताद मशीनवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावत. डोळे मिटत. मग सांगत, बेअरिंग गेलंय, किंवा चहा पाजा, मशीन ठणठणीत आहे. कंपनीत 'उस्ताद' हे नाव त्यावरूनच पडलेलं, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता, तो ते लपवतही नसत. झाकण उघडणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्याच आठवड्यातही त्यांनी ते उघडलं नव्हतं. एका इमारतीत पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई मागे लागल्या होत्या, "लिफ्ट थांबताना किंचाळते हो." उस्तादांनी कान लावला. काही नव्हतं. "बाई, मनाचे खेळ आहेत तुमच्या," ते म्हणाले होते. त्यावर बाई काहीतरी पुटपुटल्या. उस्ताद हसून खाली उतरले होते.

रविवारी मैदानात दोरीच्या पहिल्याच ओढीला मोठं इंजिन सुरू झालं. मंडळी भोवती जमली, कुणी पाठ थोपटली. पहिली टाकी त्यांनी नव्या इंजिनाच्या नियमाप्रमाणे सबुरीने, भरपूर इंधनावर संपवली. मग सुई आवळायला घेतली. इंजिन गुरगुरत होतं. त्यांनी आणखी आवळली. तरी गुरगुरच. एवढं मोठं इंजिन आणि तेही असंच मिळमिळीत निघावं, याने ते चिडले. ट्रक त्यांनी लांबच्या वळणाकडे सोडली, आणि शेजारून टेलरची गाडी अशी सुसाटली की बघत राहावं.

टेलर पलीकडून हात हलवत होता. उस्तादांनीही हात हलवला. मग ट्रक एकदम जागच्या जागी थांबली, आपटल्यासारखी.

"बहिरा आहेस का रे!" टेलर धापा टाकत आला. त्याचं तोंड जन्माचं फाटकं, पण माणूस जिवाला जीव देणारा. "घसा बसला माझा! इंधन कमी पडतंय, सुई उघड, सुई उघड! अरे, धूर दिसत नव्हता, ते तरी बघायचंस. अख्खं मैदान कानांत बोटं घालून उभं होतं, कसलं किंचाळत होतं ते!"

त्याने बाटलीतलं थेंबभर पाणी इंजिनाच्या डोक्यावर टाकलं. थेंब टेकायच्या आतच उडून गेला. दोरी जागची हलेना. इंजिन जाम झालं होतं.

"तुझी गाडी..." उस्ताद म्हणाले. "तुझी कशी काय एवढी पळतेय?"

टेलर जरा ओशाळला. "तुझंच इंजिन आहे ते. सुटे भाग काढायचं जिवावर आलं, म्हणून लावून बघितलं. काही म्हणजे काही केलं नाही, सुई तेवढी सैल केली. तू गळा आवळून ठेवला होतास त्याचा."

"चालू कर. इथे, माझ्यासमोर."

टेलरने दोरी ओढली आणि रेस दिली. उस्ताद गुडघ्यांवर बसले, कान पार जवळ नेला. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत असावं तशी गुरगुर. त्यांनी वर बघितलं. टेलरचे डोळे बारीक झाले होते, मान वाकडी झाली होती, आणि मागे उभ्या दोघांनी कान झाकून घेतले होते.

इंजिन दमलंच नव्हतं. वर्षभर ते तसंच ओरडत होतं, आणि त्यांनी त्यालाच दोष दिला होता. आणि मग त्यांना पाचव्या मजल्यावरच्या बाई आठवल्या, त्यांचा तो 'किंचाळते' हा शब्द आठवला.

"टेलर, स्कूटर काढ."

"ट्रक?"

"राहू दे ट्रक."

बाईंच्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतून काढलाच नाही. "तू ऐक," ते टेलरला म्हणाले, आणि स्वतः तळहात ब्रेकच्या झाकणावर ठेवला. कुणीतरी खाली लिफ्ट बोलावली. मशीन फिरलं, मंदावलं, थांबलं. हाताला बारीक खरखर लागली. टेलरचे दात शिवशिवले.

"किंचाळतंय रे," तो हळूच म्हणाला. मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाला, "थांबताना! पत्र्यावर खिळा ओढावा तसं!"

लिफ्ट रिकामी झाल्याचं टेलरने खाली जाऊन बघितलं आणि हाक न मारता परत वर येऊन सांगितलं. उस्तादांनी मुख्य स्विच पाडला आणि झाकण उघडलं. ब्रेकचा पट्टा कागदाएवढा उरला होता. रिव्हेटची डोकी वर आली होती आणि त्यांनी लोखंडी ड्रमवर लखलखीत चर पाडले होते. आणखी काही दिवस, आणि भरलेली लिफ्ट या ब्रेकला जुमानली नसती. परवा ते याच्यापासून वीतभर अंतरावर डोळे मिटून उभे होते.

"पट्टा बदल आणि मोकळा हो," टेलर म्हणाला. "वेळेत सापडलं. कुणाला काय कळतंय?"

"आणि बाकीच्या?"

"कुठल्या बाकीच्या?"

"वर्षभर ज्यांना ठणठणीत म्हटलं, त्या." उस्तादांनी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. "सगळ्यांची झाकणं उघडावी लागतील. आणि ती मी उघडून भागायचं नाही, माझ्यावर भरवसा ठेवून तर हे झालं. उद्या कंपनीत सांगतो. मग मला मशीनवर कोण पाठवणार आहे, सांग."

टेलरने उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला.

खाली येऊन उस्तादांनी दाराला 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी अडकवली. तेवढ्यात बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. पाटी वाचून त्यांचा चेहरा पडला. पाच मजले त्यांच्या गुडघ्यांना काही थोडे नव्हते.

"आवाज होता, बाई," उस्ताद म्हणाले. "तुम्ही म्हणालात तो. ब्रेक गेला होता."

बाईंचे ओठ हलले. प्रश्न होता एवढं दिसलं. उस्तादांच्या ओठांवर सवयीने हसू आलं, 'हो हो' अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं. ते त्यांनी तिथेच गिळलं. टेलर समोर उभा होता, फाटकातून माणसं आत येत होती.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "जरा मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."

बाई एक पाऊल पुढे आल्या, आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्याला सांगावं तशा, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "परवा, मी, खोटं, बोलत होते का?"

"नाही, बाई."

त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना चढायला लागले. दर जिन्यावर ते थांबत आणि मागे वळून बघत, कारण बाईंची पावलं मागून येतायत की नाहीत, हे त्यांना बघूनच कळणार होतं.