पुसण्याआधी पुसावं

मी नावं ठेवणारा बोलतोय. दचकू नका, चारचौघांत कुचाळक्या करणाऱ्यांतला मी नव्हे! कोऱ्या सर्व्हरना नाव ठेवायचं, पत्ता द्यायचा आणि कामाला लावायचं, हा माझा धंदा. एका रेडिओ केंद्राच्या मागच्या थंडगार खोलीत, खालच्या फळीवर माझा डबा आहे. सतरा वर्षं झाली. पंखा खुरखुरतो, पण अजून फिरतो.

जन्माने मी टेबलावरचा साधा कॉम्प्युटर. दाराशी बसून पाहुण्यांची नावं टिपायचो. तिथे नवा कॉम्प्युटर आला आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला उचललं ते यंत्रखोलीच्या प्रमुख इंजिनिअरनी. सगळे त्यांना बाई म्हणत.

तेव्हा नवा सर्व्हर आला की बाई दिवसभर बुटक्या स्टुलावर बसायच्या. एकामागून एक डिस्क घालायच्या, तेच प्रश्न, तीच उत्तरं. अकराव्या सर्व्हरला त्या वैतागल्या. मला म्हणाल्या, "एकच पाढा मी किती वेळा म्हणू? आता तू म्हण!"

आणि तो पाढा त्यांनी मला शिकवला. नवा सर्व्हर अगदी कोरा असतो. तारेला जोडून सुरू केला की तो नेटवर्कवर हाक मारतो, "कोणी आहे का? मी कोण?" मी ओ देतो. नाव, पत्ता, लागतील ते सगळे प्रोग्रॅम त्याच्या डिस्कवर उतरवतो. वीस मिनिटांत गडी कामाला तयार. पहिल्या दिवशी बाईंनी एकदम सहा जोडले आणि सहाच्या सहा उठून बसले. त्यांनी माझ्या डब्यावर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" काय दिवस होते ते! ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

पण माझ्यात एक खोट होती. हाक आली की ओ द्यायची, एवढंच मला ठाऊक. हाक मारणारा कोरा आहे की भरलेला, हे मी बघत नव्हतो.

बाईंचे वडील याच केंद्रावरचे जुने निवेदक. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. म्हणून बाईंनी त्यांना रविवारपासून चार दुपारी स्टुडिओत बसवलं आणि बोलतं केलं. पहिल्या बातमीपत्रात कशी बोबडी वळली, बाईंच्या आईने पहिल्या भेटीत कसं गप्प केलं, सगळं. ते ध्वनिसंग्रहाच्या सर्व्हरवर ठेवलं. गुरुवारी ऑपरेशन झालं.

शुक्रवारी तो सर्व्हर साफसफाईसाठी बंद करून पुन्हा सुरू केला. त्याची एक सेटिंग चुकून बदलली होती, त्यामुळे स्वतःची डिस्क वाचायच्या आधी त्याने नेटवर्कवर हाक मारली. मी आपली आनंदाने ओ दिली. सगळं पुसलं, नवं नाव दिलं आणि मोकळा झालो.

जुनं बाकी सगळं परत मिळालं, त्याच्या प्रती होत्या. प्रती दर शनिवारी निघायच्या. नानांच्या चार दुपारी तेवढ्या कायमच्या गेल्या.

मला वाटलं, आता भंगारात. पण बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "याचा काय दोष? विचारायला मीच नाही शिकवलं याला." मग कपाटाच्या दाराला डोकं टेकून रडल्या. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

काही आठवड्यांनी नाना स्वतःच आले. गळ्याला मफलर, हातात पाटी आणि खडू. लिहायचे, पाटी सगळ्यांसमोर धरायचे आणि भुवया उंचावायचे. म्हणजे, वाचलं का? समोरच्याने मान हलवली तरच पुसायचे.

बाई चाचरत म्हणाल्या, "नाना, तुमचा आवाज पुसला गेला हो. माझ्या हातून."

नानांनी लिहिलं, "तुझी आई असती तर म्हणाली असती, सुटले बाई एकदाची!" भुवया वर. बाईंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी मान हलवली, नानांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "पुसण्याआधी पुसावं."

"म्हणजे काय?"

नानांनी खाली लिहिलं, "विचारपूस. त्यातलं पूस."

बाईंनी तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि माझ्यात एक प्रश्न घातला. हाक मारणाऱ्याच्या डिस्कवर काहीही असलं की थांबायचं आणि पडद्यावर लिहायचं, "यावर काहीतरी आहे. वाचलं का?" माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. त्यानंतर एक अक्षरही माझ्या हातून वाया गेलं नाही, हे छातीठोक सांगतो.

पुढे काही वर्षांनी नाना वारले. गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला चष्मेवाला मला आजोबा म्हणतो. त्याने वरच्या फळीवर नवा डबा आणला, माझा सगळा पाढा त्यात उतरवला, पण तो प्रश्न गाळला. काम समजावून द्यायला आलेल्या बाईंना म्हणाला, "बाई, जुने सर्व्हर पुन्हा लावायचे तर दर वेळी 'हो' कोण म्हणत बसणार?" बाई एवढंच म्हणाल्या, "काढ हवं तर. पण आधी एकदा वाच." तो कुठला वाचतोय!

परवा दुपारी वीज गेली आणि आली. सगळी यंत्रं धडपडत उठली. ध्वनिसंग्रहाचा सर्व्हर गोंधळला आणि पुन्हा नेटवर्कवर हाक मारून बसला. माझा तर जीवच उडाला! नशीब, वरचा नवा अजून डोळे चोळत होता. ओ मी दिली आणि पडद्यावर प्रश्न उमटला.

"बाप रे!" चष्मेवाला पडद्यासमोर स्टुलावर बसला. मग त्याने माझी फाईल उघडली. प्रश्नाच्या वर बाईंनी झालेली सगळी हकिगत लिहून ठेवली होती. ती वाचून त्याने चष्मा पुसला आणि बाईंना फोन लावला. "बाई, नव्यात घातला तो प्रश्न. हो हो, शब्द तेच ठेवलेत."

आज त्याने मला पुन्हा सुरू केलं. मला कोरं करून एका शाळेला द्यायचं ठरलंय. जन्मात पहिल्यांदा मी हाक मारली, "कोणी आहे का? मी कोण?" वरच्या फळीवरून ओ आली. माझंच नाव आता त्याला दिलंय. पण त्याने मला पुसलं नाही. थांबला आणि पडद्यावर लिहिलं, "यावर काहीतरी आहे. वाचलं का?"

चष्मेवाल्याचं बोट 'हो'पर्यंत गेलं आणि मागे आलं. त्याने स्टूल ओढलं, माझी डिस्क उघडली आणि पहिल्यापासून वाचायला बसला. त्याच्या खांद्यावरून तुम्हीही वाचलंत.

झालं ना वाचून? मग मान हलवा. आता खुशाल पुसा.