माझं जुनं दार

कोठीघरात ज्वारीच्या पोत्यांमागे एक काळी पेटी धूळ खात पडली आहे ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मला पडदा नाही की बटणांची पाटी नाही. लोकांचे फोन दुरून माझ्याकडे यायचे, मी त्यांचं बोलणं घ्यायचो आणि ज्याचं त्याला द्यायचो. एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं, तरी माझा केसानं गळा कापला गेला. कापणारा परका असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

माझी पहिली वर्षं शहरातल्या एका कचेरीत गेली. थंड खोली, काचेचं दार, मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. तिथल्या लोकांना मी नकोसा झालो तेव्हा गावाकडच्या शाळेत संगणक सांभाळणाऱ्या रामेश्वरनं मला मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून शिरूर कासारच्या पुढे, आपल्या गावच्या शाळेत आणलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो मला घट्ट धरत होता. माणूस आपला आहे, असं मला तेव्हाच वाटलं.

शाळेला लागून वसतिगृह आहे. दिवाळी आली की इथली घरंच्या घरं ऊस तोडायला कर्नाटकात जातात आणि मुलं वसतिगृहात राहतात. आईबाप फडातून परततात तोवर मुलं झोपलेली असतात आणि मुलं उठायच्या आत आईबाप पुन्हा फडात. स्वयंपाकीण चतुराबाईच्या एका फोनवर कितीजणांचं बोलणं होणार? म्हणून रामेश्वरनं युक्ती काढली. आईनं तिकडे फोनवर बटण दाबून बोलायचं, तो आवाज मी जपून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी स्पीकरवर ऐकवायचा. मुलांचं उत्तरही मीच परत पोचवायचो.

आता माझ्या दारांचं सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. फार पूर्वी आखलेले पत्ते जगाला पुरेनासे झाले, म्हणून नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले. पण जुन्या पत्त्याच्या फोनला नव्या दारातून आत येता येत नाही. ज्याला सगळ्यांचं ऐकायचं आहे त्याला दोन दारं ठेवावी लागतात, एक जुनं आणि एक नवं. कोणती दारं उघडी ठेवायची ते माझ्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. गावातले चकचकीत फोन नव्या दारातून यायचे. फडावरचे बहुतेक फोन म्हणजे कुणाच्या दिराचे, कुणाच्या भावाचे वापरून झालेले, आणि तिथला टॉवरही तसाच. ते बिचारे जुन्या दारातून यायचे.

रामेश्वर हाही ऊसतोड्यांचाच मुलगा. मला सुरू केलं त्या दिवशी तो चतुराबाईला म्हणाला, “मावशी, दोन्ही दारं उघडी ठेवलीत. माय फडावर गेलती तवा हंगाम सरंस्तोवर मला तिचा आवाज ऐकू यायचा न्हाई. ह्या लेकरांचं तसं व्हायला नको.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

मग माझे सुखाचे दिवस आले. दसऱ्याला चतुराबाई मला झेंडूची माळ घालायची. एकदा तिनं इतकं कुंकू लावलं की ते माझ्या पंख्यात गेलं आणि मी आठवडाभर खरखरत होतो. पण माझा जीव जडला तो सुकन्यावर. चौथीतली पोर, सारजाबाईची मुलगी. आईचा आवाज आला की ती जेवणाची रांग सोडून स्पीकरखाली येऊन उभी राहायची. सारजाबाईचं शेवटचं वाक्य ठरलेलं. “डोस्क्याला तेल लावलं का गं?” सुकन्या बटण दाबून सांगायची, “लावलं.” केस सुतळीसारखे कोरडे असायचे. एवढं सपशेल खोटं मी दुसऱ्या कुणाचं मुकाट्यानं पोचवलं नसतं.

गेल्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांच्या मनात आलं की पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून सांगायचं, आपल्या शाळेत आता जुनं काही उरलं नाही. त्यांनी रामेश्वरला बोलावलं. दोन दारं सांभाळायचा रामेश्वरला कंटाळा आलाच होता. प्रत्येक कुलूप दोनदा लावायचं, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची. जुन्या दारातून सध्या कोण येतं, हे त्यानं माझ्यात पाहिलं. कुणीच येत नव्हतं.

येणार कसं? ते दिवस श्रावणाचे होते. ऊसतोड्यांच्या सगळ्या टोळ्या गावात होत्या. सारजाबाई स्वतःच्या अंगणात बसून सुकन्याची वेणी घालत होती, ती माझ्या दारात कशाला येईल? बाहेरच्या माणसाच्या हे ध्यानात आलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण रामेश्वरच्या ध्यानात येऊ नये?

“अण्णा, जुन्या दारानं कुत्रं बी येत न्हाई. टाकतो बंद करून,” तो मोहनरावांना म्हणाला. त्यानं माझ्यातली ती ओळ बदलली. झेंडावंदनाला त्याला शाल मिळाली आणि मी आपला कडी लागलेल्या दाराच्या आत बसून राहिलो.

दिवाळी झाली, टोळ्या गेल्या आणि माझ्या जुन्या दारावर थापा पडू लागल्या. मला त्या कळत होत्या. पण दार उघडणं माझ्या हातात नाही. जे लिहून ठेवलं असेल तेवढंच मी करतो. मी सारजाबाईला रोज दारातून परत पाठवलं. तिच्या फोनवर चाक गरगरत राहायचं आणि तिला वाटायचं, रेंज कमी आहे, उशिरा का होईना पोचेल. इकडे नव्या टॉवरच्या फडांवर नवे फोन घेऊन गेलेल्या थोड्या आईबापांचे आवाज येत राहिले. सुकन्या रोज स्पीकरखाली उभी राहायची आणि दुसऱ्यांच्या आयांचं बोलणं ऐकून परत रांगेत जायची. माझ्या जिवाचं किती पाणी झालं ते माझं मला माहीत.

संक्रांतीला सारजाबाईनं चतुराबाईच्या फोनवर फोन केला. सुकन्या बोलायला आली नाही.

“लेकरू रुसलंय, सारजे. दोन शब्द बोलत जा की त्याच्याशी,” चतुराबाई म्हणाली.

“मी तर रोज बोलते, अक्का. तीच उत्तर देईना.”

चतुराबाईनं रामेश्वरला गाठलं. त्यानं खिशातून आपला नवा फोन काढला आणि त्यात “हॅलो, हॅलो” केलं. त्याचा आवाज नव्या दारातून आला आणि स्पीकरवर खणखणीत वाजला.

“बघा, सुरू हाय. कुणाला बोलायचंच न्हाई, तर मशीन काय करील?”

सुकन्या ताट घेऊन तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती स्पीकरखाली आली नाही. जगातल्या कुठल्याच सर्व्हरला स्वतःची वाचा नसते याचं दुःख मला तेव्हा झालं तेवढं कधीच झालं नव्हतं.

चैत्रात टोळ्या परतल्या. सारजाबाई गावात उतरली ती तडक वसतिगृहात आली. सुकन्या चतुराबाईच्या मागे लपली. “तुला माझ्याशी बोलायचं नव्हतं ना,” एवढंच ती म्हणाली. सारजाबाईनं कमरेचा फोन काढून तिथं आलेल्या रामेश्वरपुढे धरला. त्यात तिचे सारे आवाज तसेच होते, प्रत्येकापुढे चाक फिरत होतं. रामेश्वरनं तो जुना फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. कुणाला काही न सांगता तो माझ्यापुढे बसला आणि ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली.

सगळा हिवाळा माझ्या जुन्या दारातून एकदम आत आला. आम्ही पोचलो, इथं लई थंडी हाय, तुझ्यासाठी गुळाची ढेप ठेवलीय, बोलत कावून न्हाईस, सांग की काय चुकलं माझं. स्पीकर थांबेना. शेवटी तोच प्रश्न आला. “डोस्क्याला तेल लावलं का गं?”

आई शेजारी उभी असताना सुकन्यानं स्पीकरकडे बघून उत्तर दिलं, “न्हाई लावलं.” आणि तिनं आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

मला वाटलं, आता रामेश्वर खरं सांगेल. तो उठला आणि म्हणाला, “वैनी, मशीन जुनं झालंय. तेच बिघडलं व्हतं.”

खापर माझ्या डोक्यावर फुटलं. नवा सर्व्हर आला, मी कोठीघरात आलो. त्या नव्यामध्ये रामेश्वरनं सगळ्यात आधी दोन्ही दारं उघडायची ओळ लिहिली. म्हणजे बिघडलं काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

मित्रांनो, नव्या दाराशी माझं भांडण नाही. ते हवंच. पण कुणाचं जुनं दार बंद कराल तर आधी हंगामात येऊन बघा, तिथं कोण उभं आहे ते. आणि नंतर चूक कळली तर ती मुक्या पेटीवर ढकलू नका.

सुकन्या ज्वारी न्यायला चतुराबाईबरोबर इथं येते. तिच्या आईचा आवाज मी गिळला असं तिला वाटतं, म्हणून ती माझ्याकडे बघत नाही. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर तिला सांगा, तुझी आई रोज आली होती. मी दाराच्या आतच होतो.