सासूबाईंच्या ताटातलं पीच

प्यो घराण्याच्या थोरल्या घरात श्राद्धाच्या ताटावर नाशपाती चालायची, खजूर चालायचे, खारवलेला बांगडा तर हवाच. पीच तेवढं चालत नव्हतं. पीचला भुतं भितात, आणि पूर्वज कितीही पूज्य असले तरी मेल्यावर भुतंच की. पीच दिसलं तर उंबऱ्यावरूनच माघारी फिरतील. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांत आणखी काय काय लिहिलंय हे घरातल्या बायकांना कुणी कधी वाचून दाखवलं नाही. रांधायचं त्यांनी आणि नमस्कार करायचा पुरुषांनी, हे मात्र न वाचताच सगळ्यांना पाठ होतं.

आज सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. आणि उनसिलने, त्यांच्या सुनेने, ताटात पीच ठेवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या खाटेवर सासूबाईंनी पीच खाल्लं होतं, रस कोपरापर्यंत ओघळत होता. तेव्हाच म्हणाल्या होत्या, "माझ्या श्राद्धाला हे ठेव गं."

"अहो, मग तुम्ही याल कशा?"

"मी येईन. मला कोण हाकलतंय पीच दाखवून? पण ह्यांचे आजे-पणजे फिरकायचे नाहीत. जन्मभर वाढलं मेल्यांना. एक दिवस एकटीने जेवू दे."

दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि नाहीच येता आलं, तर समज, सुटले एकदाची या घरातनं." उनसिलने त्यांचा चिकट हात हातात घेऊन 'ठेवीन' म्हटलं होतं.

ताट पहिल्यांदा धाकट्या काकांना दिसलं. सासऱ्यांचे हे भाऊ राजधानी सोलहून मोटारीने आले होते. रात्री उशिराचं श्राद्ध संध्याकाळवर यांनीच आणलं होतं, परतताना रस्त्यावर गर्दी लागते म्हणून. तेवढा नियम वाकला तर पूर्वजांना चालत होतं.

"सूनबाई, हे काय?"

"पीच."

"दिसतंय मला. ताटात कशाला?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं."

"वहिनींची चेष्टा असेल ती. आज पीच, उद्या पिझ्झा मांडशील."

"पिझ्झा त्यांना आवडत नव्हता, काका."

उनसिलचा नवरा खिशातला फोन काढून त्यात बघू लागला. आई आणि बायको यांच्यावर वेळ आली की प्यो घराण्यातले मुलगे कुठेतरी बघतातच.

काकांनी पीच उचलायला हात पुढे केला. उनसिलने ताटावर हात आडवा धरला. तिने तो काढला नाही.

"हे उचललंत तर या घरात मी यापुढे एकही ताट मांडणार नाही. बाजारात तयार मिळतं, तिथून आणा."

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. पांढरा झगा, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी. गावातल्या शाळकरी पोरांना दर रविवारी ते कन्फ्यूशियसची वचनं शिकवत. ते रागावतील म्हणून उनसिलने मान ताठ केली.

"पीच ठेवलं तर ती येणार नाही गं," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. उनसिल गडबडली. पूर्वज, नियम, भाऊबंद, यातलं काहीच त्या म्हाताऱ्याच्या मनात नव्हतं. वर्षभर तो आजच्या संध्याकाळची वाट बघत होता, आणि बायको उंबऱ्यावरून परत जाईल अशी त्याला खरोखरची धास्ती होती.

"येते म्हणाल्या होत्या, मामंजी. बाकीचे येऊ नयेत म्हणून पीच."

"आणखी काय म्हणाली?"

गिळून टाकावं असं उनसिलला वाटलं. पण या घरात बायकांनी पुष्कळ गिळलं होतं.

"म्हणाल्या, येता नाही आलं, तर सुटले समज."

सासऱ्यांनी ताटातलं पीच उचललं. "मग येऊ दे नाहीतर सुटू दे," ते म्हणाले. "तिचं तिला ठरवू दे. सुरी कुठे असते?"

जन्मात पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात शिरले. पीच सोलताना अर्धा गर सालीबरोबर गेला, लव लागून मनगटं खाजली. उरलं ते वेडंवाकडं त्यांनी स्वतः ताटात मांडलं.

भात वाढून झाला. आता सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार लावायचं, आणि आलेल्याचं जेवण झालं असेल असं वाटलं की खोकून मग दार उघडायचं, अशी रीत. सासरे उठलेच नाहीत.

"दादा, बाहेर या. आपण बसलो की ते जेवत नाहीत."

"जन्मभर मी जेवलो आणि ती आत राहिली. तिला जेवताना मी बघितलेलंच नाही. जा तू."

दार आतून लागलं. ओसरीवर सगळे उभे राहिले. झाडांवर किडे किर्र करत होते. काकांनी एकदा घड्याळ बघितलं, खोकायला घसा साफ केला, आणि बंद दाराकडे बघून तसेच थांबले. मग पायरीवर बसले.

"वहिनींना जेवायला एवढा वेळ लागायचा?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही," उनसिल म्हणाली. "चुलीपाशी उभ्याने खायच्या, पटकन व्हायचं. आज बसल्यात."