उशिरा ओ देणारी

“बोर्डावर आईचं नाव चढवायच्या आधी मला येऊन भेट. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. आणि मी काही अमरपट्टा बांधून आलेली नाही, कळलं का सूनबाई?”

अक्कांनी असं बजावलं तेव्हा सुनेच्या कडेवर ठमी रडत होती, फोन खांद्यात धरलेला होता आणि गॅसवरचं दूध वर येत होतं. “हो हो अक्का, येते की,” म्हणत तिने फोन ठेवला आणि दुधाकडे धावली. आजेसासूबाईंचं नाव घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात भेटून सांगण्यासारखं काय असणार?

बोर्ड सासऱ्यांचा होता. ते पाट्या रंगवणारे पेंटर. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. पुढे फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश डब्यात नुसते उभे राहिले. ठमी झाली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “आता शेवटचा एक बोर्ड, तो घरचा.” प्लायवूडवर मोठं झाड, फांदीफांदीवर पानं, पानापानात एकेक नाव आणि अगदी शेंड्याला ठमी. नावं गोळा करायचं काम सुनेकडे आलं. ती कॉलेज शिकलेली, फोनवर गोड बोलून माहिती काढण्यात पटाईत.

पण त्या दिवशी तिने सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, फोन केला होता तो झाडासाठी नव्हे. ठमी हाक मारल्यावर लगेच वळायची नाही. सून तिच्या पाठीमागे उभी राहून कधी टाळी वाजवी, कधी चमचा आपटी, आणि श्वास रोखून बघत राही. डॉक्टर म्हणाले होते, कान ठणठणीत आहेत, खेळात गुंग असते इतकंच. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात सासरे कौतुकाने म्हणायचे, “माझ्या आईवर गेलीय पोर! वडिलांनी आईला हाक मारली की ती जरा थांबून ओ द्यायची. दुसऱ्या हाकेशिवाय मान वळायची नाही.”

पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा त्यांनी आईला कानाचं यंत्र आणलं होतं. ती ते शेवटपर्यंत लावत होती. अजून ते कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते बघितल्यापासून सुनेला एकच प्रश्न छळत होता. हे घराण्यातच असेल तर?

म्हणून तिने अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, “ठमीच्या कानांची काळजी सोड. आईचे कान तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट होते.” आणि मग ते बजावणं. सुनेला वाटलं, म्हातारी आपली समजूत घालतेय.

त्यानंतर ठमीला दात आले, ताप आला, मग पाहुणे आले. जायचं राहून गेलं. सासऱ्यांनी पिवळ्या रंगात, काळी सावली देऊन आईचं नाव लिहिलं आणि मागे सरून एक डोळा मिटून बघितलं. “अक्षर बघ. हात अजून गेलेला नाही माझा.”

हात राहिला, पण अक्कांची वाचा गेली. उजवी बाजूही गेली. अक्कांच्या मुलीचा, आतेनणंदेचा, फोन आला तसे सासरे आणि सून दोघेही धावले. ठमीला शेजारणीकडे ठेवलं.

अक्का भिंतीकडच्या कॉटवर उशांना टेकून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लखलखीत. सासरे नेहमीसारखे चढ्या आवाजात म्हणाले, “काय गं अक्का, एवढं बोलून बोलून दमलीस होय शेवटी?” आणि त्यांचाच आवाज चिरकला.

अक्कांना बरं वाटावं म्हणून सुनेने मोबाइलवर बोर्डाचा फोटो दाखवला. अक्कांचा डावा हात पुढे आला. बोट बरोबर आईच्या पानावर टेकलं आणि मान हलली. नाही. पुन्हा, नाही. मग दोन बोटं वर झाली. मग एक बोट स्वतःच्या कानावर गेलं, आणि परत मान हलली.

“आईच्या कानाचं सांगतेय,” सासरे म्हणाले. “कमी ऐकू यायचं ना तिला.”

आतेनणंद पायाशी बसली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, “मामा, तुम्हाला खरंच माहीत नाही? माझ्या आईला, म्हणजे तुमच्या अक्काला, जन्म देणारी वेगळी होती. आई रांगत होती तेव्हाच ती वारली. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या बाईलाही त्याच नावाने हाक मारायला लागले. पोरीला काही कळू नये म्हणून. पुढे तुम्ही झालात. घरात तो विषयच कुणी काढला नाही.”

सासऱ्यांनी मोबाइल हातात घेतला आणि आईचं पान मोठं करून बघितलं.

“माझ्या आईच्या पहिल्या बाळंतपणात तुमच्या आईने हे तिला सांगितलं. आपलं खरं नावही सांगितलं. मग तुम्ही यंत्र आणलंत, तेव्हा शपथ घातली. म्हणाली, पोराने हौसेने आणलंय, त्याला कळू देऊ नकोस. आई मला म्हणायची, बोर्ड होताना सांगेन. मला नाव नाही सांगितलं तिने.”

सुनेला एकदम काहीतरी सुचलं. “बाबा, तुम्ही ‘आई’ म्हणून हाक मारलीत तर?”

सासऱ्यांनी मान वर केली. “तर लगेच. हातातलं टाकून यायची. वडील चिडवायचे तिला, पोरांचं बरं ऐकू येतं गं तुला.” त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. “आणि मी जन्मभर तिच्याशी ओरडून बोलत आलो. यंत्र लावलेल्या कानात.”

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी सरळ उशीत गेलं.

लिहून घ्यावं तर अक्का कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्या दिवसापासून सून ठमीला घेऊन तिथे जायला लागली. कॉटशेजारी बसून बायकांची जुनी नावं एकेक करून म्हणायची. अक्का मान हलवायच्या. नाही. नाही. सासरेही जुन्या पाट्यांवर कधीकाळी रंगवलेली नावं आठवून आणायचे. “अक्का, ही होती का गं? मिठाईवाल्याच्या आईचं नाव हे.” नाही. कधी अक्का ओठ जुळवायच्या, घशातून घरघर यायची, सगळे पुढे वाकायचे आणि ती घरघर तिथेच विरायची. मग त्या रागाने तोंड फिरवून घ्यायच्या. एकदा सून पटापट नावं म्हणत असताना त्यांचे डोळे मोठे झाले. पण कुठल्या नावाला, ते कळेना. तिने मागची नावं परत म्हणायला घेतली तोवर अक्कांना ग्लानी आली होती.

त्या ग्लानीतून त्या नीटशा बाहेर आल्याच नाहीत. आठवडा उलटायच्या आत गेल्या.

अक्कांचं दिवसकार्य झाल्यावर सासऱ्यांनी बोर्ड खाली उतरवला. मूळचं पान तसंच ठेवलं, ते नाव अक्कांच्या जन्मदात्रीचं. अक्कांची फांदी तिथेच राहू दिली. शेजारी नवं पान काढलं, स्वतःची फांदी खरवडून त्या पानाला आणून लावली. मग खडूच्या दोऱ्याने पानात दोन रेघा मारल्या, अक्षरं सरळ यावीत म्हणून मारतात तशा. ब्रश रंगात बुडवला आणि तसाच धरून बसले.

“बाबा, ‘आई’ लिहू या का?” सून हळूच म्हणाली.

“ते नातं झालं गं. नाव कुठंय?”

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला. दोन रेघा तशाच राहिल्या. येणारेजाणारे विचारतात, हे एक लिहायचं राहिलंय का हो? सासरे म्हणतात, “राहिलंय.”

ठमी आता पहिल्या हाकेला वळते. तरी सून अजून कधीकधी तिच्या पाठीमागे उभी राहते. चमचा वाजवत नाही, नुसतं नाव घेते, आणि ते चिमुकलं तोंड वळलं की तिला रडू येतं.

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, एखादी म्हातारी असेल जी नावाने हाक मारली की जराशी थांबून ओ देते. हे वाचून झालं की उठा आणि तिच्याकडे एकदा बघून या. मागून हाक मारू नका. समोर बसा, आवाज चढवू नका, आणि लहानपणी तिला काय म्हणून हाक मारायचे ते विचारा.